नव्या प्रोसेसरचा संगणक घेण्याआधी: लिनक्स चालेल का, हे कसं तपासायचं

एक तारीख प्रोसेसर बाजारात आल्याची, दुसरी आपण टाकणार असलेल्या लिनक्समधल्या कर्नलची, म्हणजे यंत्राच्या भागांशी बोलणाऱ्या त्याच्या गाभ्याची. या दोन तारखा शेजारी शेजारी मांडल्या की अर्धा निकाल लागतो. कर्नल प्रोसेसरपेक्षा जुना असेल तर काही ना काही अडणार हे धरूनच चालावं. सहा-आठ महिन्यांनी नवा असेल तर बहुधा निभावतं. या दोन्हींच्या मधलं यंत्र असेल तर मात्र एकेक भाग तपासावा लागतो.

कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते. ती आपल्यापर्यंत केव्हा पोचते हे डिस्ट्रोवर, म्हणजे डेबियन, उबंटू, फेडोरा, आर्च अशा तयार लिनक्स संचावर असतं. डेबियन १२ आला जून २०२३ मध्ये, पण त्यातला कर्नल ६.१ म्हणजे डिसेंबर २०२२ चा. इंटेलचे पहिले कोअर अल्ट्रा, म्हणजे ‘मेटिओर लेक’, डिसेंबर २०२३ मध्ये आले आणि त्यांचं ग्राफिक्स कर्नलमध्ये आपोआप सुरू व्हायला लागलं ते ६.७ पासून, जानेवारी २०२४ मध्ये. अशा लॅपटॉपवर डेबियन १२ त्याच्या मूळ कर्नलसह टाकला तर यंत्र सुरू होतं, डेस्कटॉपही दिसतो, पण चित्र येतं ते बायोसने (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामने) मांडून ठेवलेल्या साध्या फ्रेमबफरवर, म्हणजे मेमरीतल्या चित्राच्या जागेवर. रिझोल्यूशन एकच, ब्राइटनेसची बटणं मुकी, आणि खिडकी सरकवायचं कामही प्रोसेसरच्याच गळ्यात. पंखा का थांबत नाही याचं उत्तर तिथे असतं.

पुढच्या पिढीत तेच. ‘लूनर लेक’ सप्टेंबर २०२४ मध्ये आला, त्याचं ग्राफिक्स ६.१२ पासून आपोआप चालू होतं, आणि ६.१२ निघाला नोव्हेंबरमध्ये. डेबियन १३ मध्ये नेमका ६.१२ आहे, म्हणजे तो उंबरठ्यावर आहे. उबंटू २४.०४ चं प्रकरण जास्त फसवं. नाव एकच, पण एप्रिल २०२४ च्या मूळ आयएसओत (पेनड्राइव्हवर उतरवायच्या फाइलीत) कर्नल ६.८, २४.०४.२ मध्ये ६.११ आणि २४.०४.३ मध्ये ६.१४. कपाटातल्या जुन्या पेनड्राइव्हवरून तपासून ‘उबंटू चालत नाही’ असा निकाल देणारे पुष्कळ सापडतात. फेडोरा त्याच आवृत्तीच्या आयुष्यात कर्नल बदलत राहतो आणि आर्चला तर आवृत्तीच नाही, म्हणून नव्या यंत्रावर पहिली चाचणी नेहमी या दोघांपैकी एकावर करावी. शेवटी कोणता डिस्ट्रो ठेवायचा तो वेगळा प्रश्न.

आकड्यावर जाऊ नका, सांकेतिक नाव शोधा

डब्यावरचा आकडा नवा म्हणजे आतली चिप नवी, असं नसतं. एएमडीच्या ७००० मालिकेतल्या लॅपटॉप प्रोसेसरांत तिसरा अंक झेनची, म्हणजे एएमडीच्या प्रोसेसर-रचनेची, पिढी सांगतो. रायझेन ७ ७८४०यू मध्ये तो ४, म्हणून झेन ४. रायझेन ७ ७७३०यू मध्ये तो ३, म्हणून झेन ३, म्हणजे २०२१ पासूनचीच चीज नव्या कपड्यांत. रायझेन ५ ७५२०यू तर झेन २. लिनक्ससाठी ही वाईट बातमी अजिबात नाही. जुन्या गाभ्याचं यंत्र डेबियन १२ वरही मुकाट चालतं.

इंटेलकडे कोअर अल्ट्रा २०० या एकाच छत्राखाली वेगवेगळी घराणी नांदतात. शेवटी व्ही असलेले लूनर लेक, तर डेस्कटॉपचे एस आणि लॅपटॉपचे एच, एचएक्स हे अ‍ॅरो लेक. कर्नलच्या नोंदींत दुकानातली नावं जवळजवळ सापडत नाहीत. तिथे सगळा कारभार सांकेतिक नावांनी चालतो. म्हणून शोध सुरू करण्याआधी इंटेल किंवा एएमडीच्या संकेतस्थळावर प्रोसेसरचं पान उघडून ते नाव टिपून घ्यावं. ‘लूनर लेक ग्राफिक्स कर्नल’ असा शोध घेतला तर उपयोगाचं काही हाती लागतं. लॅपटॉपचं नाव टाकून शोधलं तर जाहिराती लागतात.

प्रोसेसर चालतोच, अडतं ते त्याच्या गोतावळ्यात

एक्स८६ (इंटेल आणि एएमडीच्या घराण्याचा) प्रोसेसर जुन्या सूचना सोडत नाही, त्यामुळे पाच वर्षांपूर्वीचा कर्नलही आजच्या चिपवर सहसा सुरू होतो. जे हुकतं ते बारीक असतं. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून, म्हणजे २०२१ च्या ‘अल्डर लेक’पासून, मोठे आणि छोटे कोअर एकत्र आले. त्याआधीच्या कर्नलला त्यांच्यातला फरक नीट उमगत नाही आणि जड काम छोट्या कोअरवर जाऊन बसतं. एएमडीकडे वेग सांभाळणारा ‘एएमडी-पीस्टेट’ ड्रायव्हर ५.१७ मध्ये आला, त्याची सक्रिय पद्धत ६.३ मध्ये आली आणि ६.५ पासून तीच मूळ निवड झाली. त्याआधी ‘एसीपीआय-सीपीयूफ्रेक’ काम करतो. तो झेनच्या चिपांना वेगाच्या तीनच पायऱ्या देतो. चालतं, पण बॅटरीला ते जाणवतं. तापमान दाखवणाऱ्या ड्रायव्हरलाही नव्या पिढीची ओळख करून द्यावी लागते, ती होईपर्यंत तापमानाची जागा रिकामी दिसते.

यातलं काहीच खरेदी रद्द करण्याएवढं गंभीर नाही. गंभीर गोष्टी प्रोसेसरच्या बरोबरीने येतात: ग्राफिक्स, वायफाय, आवाज, कॅमेरा आणि झोप.

ग्राफिक्सला तीन गोष्टी एकत्र लागतात. कर्नलमधला ड्रायव्हर, लिनक्स-फर्मवेअर पॅकेजमधली त्या चिपची फाइल (चिपमध्ये भरायचा तिचा स्वतःचा प्रोग्राम) आणि मेसा, म्हणजे प्रोग्रामांचं चित्र ग्राफिक्स चिपकडून काढून घेणारा संग्रह. तिन्ही पुरेशा नव्या हव्यात, आणि बहुतेकांचं गाडं तिसऱ्यावर अडतं. डेबियन १२ वर बॅकपोर्ट्समधला (जुन्या आवृत्तीसाठी दिलेल्या नव्या पॅकेजांच्या भांडारातला) नवा कर्नल घेतला आणि मेसा मूळचा २२.३ च ठेवला, तर पडद्याचं रिझोल्यूशन बरोबर येतं, ब्राइटनेस बदलतो, सगळं जमलंसं वाटतं, पण ओपनजीएल, म्हणजे प्रोग्रामांचं ग्राफिक्सचं काम, मात्र प्रोसेसरवरच चाललेलं असतं. ओळखायची खूण म्हणजे ‘ग्लएक्सइन्फो -बी’ (glxinfo -B) या आज्ञेच्या उत्तरात, चित्र कोण काढतंय ते सांगणाऱ्या रेंडररच्या ओळीत, ‘एलएलव्हीएमपाइप’ (llvmpipe) दिसणं. हा शब्द दिसला की ग्राफिक्स चालत नाही असं समजावं, डोळ्यांना काहीही दिसो. एएमडीच्या आरएक्स ९०७० सारख्या आरडीएनए ४ पिढीच्या कार्डांना मेसा २५.० लागतो, तर उबंटू २४.०४ च्या मूळ आयएसओत २४.० होता.

फर्मवेअरची फाइल नसणं हा स्वतंत्र रोग. ‘डीमेसेज’ (dmesg) या कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या आज्ञेत ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड’ अशी सुरुवात होऊन शेवटी ‘एरर -२’ दिसतं. वजा दोन म्हणजे फाइलच सापडली नाही. एएमडीच्या नव्या ग्राफिक्सवर अशा वेळी पडदा काळाच राहू शकतो. मग ग्रबमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या बूटच्या यादीत, ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ (nomodeset) लिहायचं, आत शिरायचं आणि फर्मवेअर अद्ययावत करायचं. इंटेलच्या वायफायबाबत मात्र हीच ओळ पाहून घाबरू नये. तो ड्रायव्हर सगळ्यात नवी फर्मवेअर फाइल आधी मागतो, नाही मिळाली की एक पायरी उतरतो. तीन-चार ‘एरर -२’ नंतर ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ दिसलं की काम झालं.

दुकानात उभं राहून भागांचे क्रमांक कसे काढायचे

एकाच मॉडेलच्या नावाखाली कधी इंटेलचं, कधी मीडियाटेकचं, कधी रिअलटेकचं वायफाय कार्ड बसवलेलं असतं. त्यामुळे ‘माझ्याकडे चालतं’ असं कुणी सांगितलं तरी त्याच्या आणि तुमच्या यंत्रात तेच कार्ड आहे याची खात्री नसते. खरा पत्ता म्हणजे पीसीआय क्रमांक, म्हणजे त्या भागाची स्वतःची ओळख सांगणारा आकडा.

विंडोज असलेल्या यंत्रावर डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अ‍ॅडॅप्टरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. ‘व्हेन’ (VEN) नंतरचे चार आकडे कंपनीचे, ‘डेव्ह’ (DEV) नंतरचे चार त्या भागाचे; यूएसबीवरच्या भागांत तिथे ‘व्हीआयडी’ (VID) आणि ‘पीआयडी’ (PID) असतं. इंटेल ८०८६, एएमडीचं ग्राफिक्स १००२, एनव्हिडिया १०डीई, मीडियाटेक १४सी३, रिअलटेक १०ईसी. वायफाय, ब्लूटूथ, ग्राफिक्स, ऑडिओ, कॅमेरा आणि बोटाचा ठसा वाचणारा भाग, या सहांचे क्रमांक फोनवर टिपून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. दुकानात हात लावू देत नसतील तर बहुतेक कंपन्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पर्यायी कार्डांची यादी मिळते, पण ती ‘यांपैकी एक’ एवढंच सांगते.

घरी कोणत्याही लिनक्स यंत्रावर हे क्रमांक पडताळता येतात. ‘लिब’ खालच्या ‘मॉड्यूल्स’मध्ये (/lib/modules) चालू कर्नलच्या नावाचा फोल्डर असतो (नाव ‘युनेम -आर’, uname -r, ही आज्ञा सांगते), त्यात ‘मॉड्यूल्स.अलायस’ (modules.alias) नावाची फाइल, कोणत्या क्रमांकाला कोणता ड्रायव्हर याची यादी. तिच्यात ‘ग्रेप -आय’ (grep -i) या शोधाच्या आज्ञेने भागाचा चार आकडी क्रमांक शोधा. समजा मीडियाटेकचं वायफाय ७ कार्ड आहे, क्रमांक १४सी३ आणि ७९२५. ६.७ किंवा त्यापुढच्या कर्नलवर ओळ सापडते आणि तिच्या टोकाला ‘एमटी७९२५ई’ हे ड्रायव्हरचं नाव असतं. ६.६ वर काहीच येत नाही. उत्तर इतकं स्वच्छ क्वचितच मिळतं. मात्र आपल्या जुन्या यंत्रावर शोधलं तर जुन्या कर्नलचं उत्तर मिळतं, तेव्हा जो डिस्ट्रो टाकायचा आहे त्याच्याच लाइव्ह (डिस्कवर न बसवता थेट चालणाऱ्या) पेनड्राइव्हवरून शोधावं.

या युक्तीला दोन अपवाद आहेत. एनव्हीएमई डिस्क, यूएसबी नियंत्रक यांसारखे भाग क्रमांकाने नव्हे तर वर्गाने जुळतात. त्यांचा क्रमांक सापडला नाही तरी ते चालतात. याउलट इंटेलच्या ग्राफिक्सचा क्रमांक सापडतो, तरी चालत नाही असं होऊ शकतं. नव्या पिढीचा क्रमांक ड्रायव्हरमध्ये आधी येतो, पण काम पक्कं होईपर्यंत तो ‘फोर्स-प्रोब’च्या कुलपात ठेवलेला असतो. लूनर लेक ६.१२ पर्यंत याच कुलपात होता. बूटच्या वेळी पर्याय देऊन कुलूप उघडता येतं, ‘डीमेसेज’ स्वतःच तो पर्याय सुचवतो. चाचणीपुरतं ठीक, पण रोजच्या यंत्रावर ते ठेवू नये. कुलूप लावणाऱ्यांना कारणं ठाऊक असतात.

वायफायमध्ये आणखी एक खोच. इंटेलची एएक्स२०१, एएक्स२११, बीई२०१ ही कार्डं अर्धवट असतात. रेडिओचा उरलेला भाग इंटेलच्याच प्रोसेसरच्या बाजूला असतो. एम.२ खाचेत बसतात म्हणून काढून एएमडीच्या यंत्रात घातली तर ती दिसतही नाहीत. कार्ड बदलायचंच असेल तर एएक्स२१० सारखं पूर्ण पीसीआय कार्ड घ्यावं, आणि त्याआधी मूळ कार्ड बोर्डावर डाख दिलेलं नाही ना ते पाहावं. पातळ लॅपटॉपांत बरेचदा दिलेलं असतं.

आवाज, कॅमेरा, झोप

इंटेलच्या गेल्या काही पिढ्यांत आवाज ‘साउंड ओपन फर्मवेअर’वर चालतो. सेटिंगमध्ये फक्त ‘डमी आउटपुट’ दिसत असेल तर पहिला संशय त्याच्या फर्मवेअरवर घ्यावा. फेडोरात ते ‘अल्सा-सॉफ-फर्मवेअर’, डेबियनमध्ये ‘फर्मवेअर-सॉफ-साइन्ड’, आर्चवर ‘सॉफ-फर्मवेअर’. हेडफोनमध्ये आवाज येतो आणि स्पीकर मुके, किंवा आवाज पत्र्यासारखा पातळ येतो, तेव्हा आजार वेगळा असतो. स्पीकरजवळ सिरस कंपनीच्या सीएस३५एल४१ सारख्या स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर चिप असतात, आणि त्या कशा जोडल्या आहेत ही माहिती बायोसने द्यायची असते. काही बायोस ती देतच नाहीत. मग कर्नलमध्ये त्या एका मॉडेलसाठी वेगळी नोंद करावी लागते, आणि ती होईपर्यंत आपण काही करू शकत नाही.

कॅमेऱ्याबाबत डिव्हाइस मॅनेजरमध्येच निकाल लागतो. तो यूएसबी व्हिडिओ डिव्हाइस म्हणून दिसत असेल तर लिनक्सवर पहिल्या क्षणापासून चालतो. इंटेलच्या ‘आयपीयू६’ या प्रोसेसरमधल्या चित्र हाताळणाऱ्या भागातून जोडलेला असेल तर सावध. त्याचा मुख्य ड्रायव्हर ६.१० मध्ये आला, पण तो सेन्सरकडून कच्चं चित्र आणण्यापुरता. पुढचे रंग, उजेड वगैरे सगळं ‘लिबकॅमेरा’ हा प्रोग्रामसंग्रह प्रोसेसरवर करतो. शिवाय त्या विशिष्ट सेन्सरचा ड्रायव्हरही लागतो. दिवसभर व्हिडिओ बैठका असणाऱ्याने असा लॅपटॉप टाळावा, किंवा बाहेरचा यूएसबी कॅमेरा गृहीत धरावा.

झोप ही सगळ्यात उशिरा कळणारी अडचण. जुन्या यंत्रांत झाकण मिटलं की ‘एस३’ ही झोप लागे आणि सगळं बंद करायची जबाबदारी फर्मवेअरची असे. नव्या लॅपटॉपांत बहुधा ‘एस२आयडल’ एवढंच असतं. त्यात कर्नलला एकेक भाग स्वतः झोपवावा लागतो आणि एक जरी जागा राहिला तरी अख्खी चिप जागी राहते. बाहेरून काही कळत नाही, पडदा बंद, दिवा मंद. सकाळी बॅटरी संपलेली आणि पिशवी गरम. ‘सिस/पॉवर/मेम_स्लीप’ (/sys/power/mem_sleep) ही फाइल वाचली की कोणत्या झोपा उपलब्ध आहेत ते दिसतं. खरा निकाल ‘सिस/पॉवर/सस्पेंड_स्टॅट्स’ मधल्या ‘लास्ट_एचडब्ल्यू_स्लीप’ (/sys/power/suspend_stats/last_hw_sleep) या फाइलमध्ये असतो. यंत्र दहा मिनिटं झोपवून उठवा आणि ती वाचा. आकडा मायक्रोसेकंदांत असतो, म्हणजे दहा मिनिटांना साठ कोटींच्या आसपास यायला हवा. शून्य आला तर झोप लागलीच नाही.

लाइव्ह चाचणी

यंत्र हातात देणारा विक्रेता मिळाला, किंवा परत करायची मुदत असली, तर अर्धा तास पेनड्राइव्हवर घालवावा. सुरुवात करण्याआधी एक गोष्ट विसरू नका. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून घ्या. सिक्युअर बूटला (सही नसलेलं काही सुरू होऊ न देणाऱ्या बायोसच्या पहाऱ्याला) हात लावला की पुढच्या वेळी विंडोज ती मागतंच.

पेनड्राइव्ह बूट होत नसेल तर बायोसमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट थर्ड पार्टी यूईएफआय सीए’ अशा नावाचा पर्याय शोधा. काही नव्या लॅपटॉपांत तो मुळातच बंद येतो आणि फेडोरा, उबंटू, डेबियन यांचा बूटलोडर त्याच किल्लीने सही केलेला असतो (आर्चच्या आयएसओला ही सही नसते). तो पर्याय चालू केला की या तिघांसाठी सिक्युअर बूट पूर्ण बंद करायची गरज राहत नाही. आत गेल्यावर डिस्कच दिसत नसेल तर कारण बहुधा इंटेलचं ‘व्हीएमडी’ किंवा ‘आरएसटी’, म्हणजे डिस्क हाताळायची त्याची स्वतःची पद्धत. बायोसमध्ये ते बंद करून एएचसीआय निवडता येतं, पण विंडोज ठेवायचं असेल तर आधी त्याला सेफ मोडमध्ये बूट व्हायला लावून मगच बदल करावा, नाहीतर ते निळ्या पडद्यावर अडकून बसतं. विक्रेत्याच्या यंत्रावर हा प्रयोग करू नका हे सांगायला नको.

मग क्रम असा: कर्नलची आवृत्ती, रेंडररची ओळ, वायफाय जोडून काहीतरी उतरवून पाहणं, स्पीकर आणि माइक दोन्ही, कॅमेरा, ब्राइटनेसची बटणं, यूएसबी-सी वरून बाहेरचा पडदा, आणि शेवटी झाकण मिटून दहा मिनिटं. झाकण उघडल्यावर वायफाय आणि टचपॅड पुन्हा तपासा. पहिल्या फेरीत चालणारे भाग झोपेनंतर गळतात, तेही याच दोघांपैकी. जाण्याआधी ‘डीमेसेज’चं सगळं उत्तर दुसऱ्या पेनड्राइव्हवर फाइलमध्ये साठवा, घरी शांतपणे वाचता येतं.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर लाइव्ह चाचणी त्याच्याबद्दल फारसं सांगत नाही, कारण कंपनीचा ड्रायव्हर त्यात सहसा नसतो. एवढंच लक्षात ठेवावं की आरटीएक्स ५० मालिकेला ५७० किंवा त्यापुढचा ड्रायव्हर आणि त्यातलेही खुले कर्नल मॉड्यूल लागतात, जुने बंदिस्त मॉड्यूल तिथे चालत नाहीत. एनपीयूसाठी (प्रोसेसरमधल्या एआयच्या कामाच्या भागासाठी) पैसे मोजू नयेत. इंटेलचा ड्रायव्हर ६.३ पासून आणि एएमडीचा ६.१४ पासून कर्नलमध्ये आहे, पण तो वापरणारे रोजचे प्रोग्राम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आणि स्नॅपड्रॅगन एक्सचे लॅपटॉप या सगळ्याच्या बाहेर. नेहमीचा एक्स८६ आयएसओ तिथे बूटच होत नाही. एआरएमचा घेतला तरी प्रत्येक मॉडेलसाठी वेगळी डिव्हाइस ट्री (यंत्रात कोणते भाग कुठे आहेत ते सांगणारी) फाइल कर्नलमध्ये असावी लागते. शेजारचं मॉडेल चालतं म्हणून हे चालेल असं तिथे म्हणता येत नाही.

कशाची वाट पाहायची, कशाची नाही

ताज्या फेडोरावरही एखादी गोष्ट चालली नाही, तर ती पुढे चालेल का? ग्राफिक्स, वायफाय आणि वेगाचं नियंत्रण यांत इंटेल आणि एएमडी स्वतः माणसं लावून काम करतात, दोन-तीन कर्नल आवृत्त्यांत ते बहुतेक जागेवर येतं. झोपेच्या तक्रारी बऱ्याचदा बायोसच्या अद्यतनाने सुटतात, म्हणून लॅपटॉपची कंपनी ‘एफडब्ल्यूअपडी’ या लिनक्समधूनच फर्मवेअर अद्ययावत करणाऱ्या साधनामार्फत बायोस देते का ते बघून ठेवावं. नाहीतर बायोससाठी विंडोजचं विभाजन सांभाळत बसावं लागतं. स्पीकरचे अ‍ॅम्प्लिफायर एखाद्या उत्साही मालकाच्या भरवशावर असतात. खपाचं मॉडेल असेल तर तो मिळतो.

बोटाचा ठसा वाचणाऱ्या भागाचं कर्नलशी काही देणंघेणं नाही. ‘लिबएफप्रिंट’ या ठसे वाचणाऱ्या प्रोग्रामसंग्रहाच्या यादीत त्याचा यूएसबी क्रमांक असेल तर चालतो, नसेल तर नाही. गुडिक्स कंपनीचे २७सी६ ने सुरू होणारे क्रमांक ढीगभर आहेत, त्यांतले काही यादीत आहेत आणि काही नाहीत, तेव्हा पुढचे चार आकडेही जुळवून पाहावे लागतात. यादीत नसलेला क्रमांक वर्षानुवर्षं तसाच बाहेर राहू शकतो. पासवर्ड टाइप करायची तयारी असेल तर तेवढ्यासाठी चांगलं यंत्र सोडू नये.